माझ्यासारखी दिसणारी

३ मार्च, सोमवार

मी संशयी बाई नाही. हे पहिल्याच पानावर लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी काही म्हणायला नको.

कोणी म्हणजे आई. काल भाजी निवडता निवडता म्हणाली, "तू त्या माणसाला चष्म्याच्या काचेसारखं उजेडाकडे धरून बघतेस. चरा सापडेपर्यंत खाली ठेवत नाहीस." मी म्हटलं, माझं कामच ते आहे. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत पंधरा वर्षं मी काचा घासून फ्रेममध्ये बसवते. चरा नजरेतून सुटला तर गिऱ्हाईक परत येतं आणि मालक माझ्याकडे बघतात.

तो माणूस म्हणजे लिफ्टवाला. लिफ्ट दुरुस्त करतो. दोन वर्षांपूर्वी एका इमारतीत मी लिफ्टमध्ये अडकले होते. चाळीस मिनिटं तो वरच्या मजल्यावरून माझ्याशी बोलत होता. मी ओरडून विचारलं, "तुम्ही जाणार नाही ना?" तर म्हणाला, "अहो, तुम्हाला काढल्याशिवाय मला जेवायला सोडत नाहीत." दार उघडलं तेव्हा आधी त्याचे बूट दिसले, मग गुडघे, मग तो.

मे महिन्यात लग्न. कचेरीत जाऊन सही करायची, बास. नवं घर बघून ठेवलंय, आईची खोली धरून. सगळं सुरळीत आहे. मला कसलीच शंका नाही.

५ मार्च, बुधवार

रोज पाच वाजता तो मला घ्यायला दुकानात येतो आणि आम्ही चालत घरी येतो. बुधवार सोडून. गेले चार बुधवार त्याला "एक काम" असतं. मी विचारत नाही. खोदून खोदून विचारणाऱ्या बायका मला आवडत नाहीत.

आज सात वाजून दहा मिनिटांनी आला. मागच्या बुधवारी सात पंचवीस. त्याच्या आधी सातला पाच कमी. कपड्यांना फिनेलचा वास येत होता. अत्तराचा नाही, हे खरं. पण हल्ली अत्तर लावतं कोण?

८ मार्च, शनिवार

आई म्हणते, सगळे पुरुष तुझ्या बापासारखे नसतात. तिला कसं कळणार? तिच्या वाट्याला एकच आला.

बाबा गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते. रविवार होता. कामासाठी चार दिवस बाहेरगावी जातो म्हणाले. बॅगेची चेन अडकत होती. मी मेणबत्तीचा तुकडा आणून चेनीच्या दातांवर घासला, तशी ती सर्रकन बसली. "शाब्बास," म्हणाले. नंतर कळलं की त्यांनी दुसरीकडे संसार थाटला. आईने त्यापुढे काही कळून घेतलं नाही आणि मलाही घेऊ दिलं नाही. सत्तावीस वर्षं झाली.

लिफ्टवाल्याला मी हे सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. नुसता माझा हात धरून बसला. त्याच हाताने बुधवारी काय करतो कोण जाणे.

१२ मार्च, बुधवार

डोकं दुखतंय असं मालकांना सांगून साडेतीनला निघाले. त्याच्या ऑफिसपासून त्याच्या मागे मागे गेले. हे काही पाळत ठेवणं नव्हे. माझा रस्ता तोच होता, फक्त उलट दिशेने.

तो मोठ्या दवाखान्यात शिरला. मला वाटलं, लिफ्ट बिघडली असेल. किती हायसं वाटलं! पण हातात हत्यारांची पेटी नव्हती. मी कॅन्टीनच्या काचेबाहेर उभी राहिले. आत तो एका मुलीसमोर बसला होता. ती रडत होती. त्याने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला, आणि अगदी तसाच गप्प बसून राहिला जसा माझ्यापुढे बसतो. मला वाटत होतं, ती गप्प बसण्याची तऱ्हा माझी आहे. त्याने ती माझ्यासाठी काढलेली आहे.

घरी येऊन आईवर ओरडले. कारण काहीच नव्हतं. ती म्हणाली, "जेवून घे."

१९ मार्च, बुधवार

आज जवळून पाहिली. फाटकातून दोघं बाहेर आले. मी औषधाच्या दुकानात, काउंटरला पाठ लावून उभी. वय असेल चोवीस-पंचवीस.

जे पाहिलं ते लिहायची लाज वाटते. ती माझ्यासारखी दिसते. उंची तीच, चालताना डावा खांदा किंचित खाली, डाव्या भुवईत माझ्यासारखाच मधे खंड. मी आरशात रोज बघते तो खंड. म्हणजे याला एकच साचा आवडतो. तीच मी, फक्त बारा वर्षांनी नवी. जुना चष्मा त्याच फ्रेममध्ये नवीन करून मागतात तसं.

संध्याकाळी त्याला विचारलं, "आज काम झालं?" म्हणाला, "होत आलंय." आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच आजारी आहे.

"तुला मला काही सांगायचंय का?" मी म्हटलं.

"आहे. थोडे दिवस दे."

थोडे दिवस! बाबांनी चार दिवस मागितले होते.

२५ मार्च, मंगळवार

ती दुकानात आली.

मालक जेवायला गेले होते म्हणून मी काउंटरवर होते. दार उघडलं आणि ती. दोन मिनिटं फ्रेमा बघायचं नाटक केलं. मग रुमालात गुंडाळलेला चष्मा माझ्यापुढे ठेवला. पुरुषाचा, जुना, एक दांडी तुटलेली, चिकटपट्टी लावलेली.

"बाबांचा आहे," म्हणाली.

ज्यांना बाबा असतात त्यांच्या मुली चष्मे दुरुस्त करून नेतात, असं माझ्या मनात आलं. म्हणजे हेसुद्धा हिच्याकडे आहे. मी म्हटलं, "शनिवारी मिळेल. नाव?"

"नाव... नको. फोन नंबर लिहा ना."

नाव सांगायची छाती नाही, पण मला पाहायला मात्र यायचं! कारण ती मलाच बघत होती. माझे हात, माझं कपाळ, माझी भुवई. दाराशी जाऊन एकदा वळली आणि निघून गेली. आपल्या नवऱ्याची, म्हणजे होणाऱ्या नवऱ्याची, दुसरी बाई अशी समोर येऊन उभी राहील आणि आपण तिला पावती फाडून देऊ, असं कधी वाटलं नव्हतं.

चष्मा मात्र नीट दुरुस्त करणार. कामात मी सूड उगवत नाही.

२६ मार्च, बुधवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

तो सात वाजता आला, हात धुवायला गेला. फोन टेबलावर. मी पावतीवरचा नंबर त्याच्या फोनवर दाबायला घेतला. सातव्या आकड्याला नाव वर आलं: बुधवार.

तो बाहेर आला तेव्हा फोन माझ्या हातात होता.

"कोण आहे ती?"

त्याने टॉवेलला हात पुसले. पुसतच राहिला. "ते तिने सांगायचं ठरलं होतं. मी नाही."

"आली होती ना काल दुकानात! तुटका चष्मा घेऊन."

"आली होती?" त्याचा चेहरा उजळला. मी बघितलं, चक्क उजळला. "मग? काय बोलली?"

"काय बोलणार? दांडी तुटली म्हणाली."

तो खाली बसला. "ऐक. ती तुझी बहीण आहे. तुझ्या बाबांची मुलगी."

आई आतल्या दारात येऊन उभी होती ते मला तेव्हा दिसलं. ती म्हणाली, "मुलगी झाली होती तर." एवढंच. मग आत जाऊन तिने नळ सोडला आणि बराच वेळ तो वाहत होता.

त्याने सांगितलं ते असं. जानेवारीच्या शेवटी ती आमच्या दुकानासमोर दोन-तीन दिवस उभी असायची. याने विचारलं, कोणाला शोधताय? ती रडायलाच लागली. बाबांना डिसेंबरात झटका आलाय, त्याच मोठ्या दवाखान्यात आहेत, उजवी बाजू गेली आहे, मधूनच माणसं ओळखत नाहीत. तिची आई चार वर्षांपूर्वी वारली. ती एकटीच बघते. बुधवारी हा आधी कॅन्टीनमध्ये तिच्याबरोबर बसायचा, मग दोन तास त्यांच्याजवळ, म्हणजे तिला जरा पाठ टेकता येईल. तिने याच्याकडून शब्द घेतला होता की मीच सांगेन, मला धीर येऊ दे.

"तिला शब्द दिलास," मी म्हटलं. "आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू तिला दारातून हाकललं असतंस."

"तो माझा हक्क होता!"

"होता," तो म्हणाला. "चुकलं माझं."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "जा." तो म्हणाला, "आत्ता जातो. उद्या येऊ?" मी म्हटलं, "येऊ नकोस." बुटांच्या नाड्या बांधायला त्याने नेहमीपेक्षा खूप वेळ लावला. मी भिंतीकडे बघत उभी होते.

शेवटी गेलाच. मला माहीतच होतं, जाणार.

२९ मार्च, शनिवार

ती चष्मा न्यायला आली. मी तिला मागच्या खोलीत नेलं. खुर्ची एकच आहे. ती तिला दिली आणि मी काचांच्या खोक्यावर बसले. ती म्हणाली, "मला माफ करा." मी म्हटलं, "तू काय केलंस?" आणि मग मला जे विचारायचं नव्हतं तेच मी विचारत सुटले.

"शाळेत सोडायला यायचे?"

"हो."

"रोज?"

"सातवीपर्यंत. मग मीच नको म्हटलं, मैत्रिणी हसायच्या."

"सायकल?"

"त्यांनीच शिकवली. मागे धावायचे."

"पडलीस तेव्हा?"

"पडू दिलंच नाही," ती म्हणाली, आणि माझा चेहरा बघून गप्प झाली.

वाईट माणूस होते असं तिने सांगितलं असतं तर मी तिला पोटाशी धरलं असतं. प्यायचे, मारायचे, तिलाही टाकून गेले, काहीही चाललं असतं. पण ते चांगले बाप होते. त्यांना ते येत होतं. फक्त माझ्या वेळी केलं नाही.

मी म्हटलं, "नशीबवान आहेस." हे मी किती वाईट तऱ्हेने म्हटलं ते मलाच ऐकू आलं.

तिला राग आला. पहिल्यांदाच. ओठ आवळल्यावर तर ती अगदी माझ्यासारखी दिसते. "तुम्ही आहात हे मला डिसेंबरपर्यंत माहीतच नव्हतं. आजारी पडल्यापासून ते मला माझ्या नावाने हाकच मारत नाहीत. भिंगरी म्हणतात. भिंगरी, पाणी दे. भिंगरी, शाळेला उशीर होईल. मला वाटलं झटक्यामुळे काहीही बोलतायत. मग त्यांच्या कपाटात एक फोटो मिळाला. मागे लिहिलं होतं, भिंगरी, वय नऊ, खाली जुना पत्ता. तिथे विचारत विचारत दुकानापर्यंत आले. दिवसरात्र मी करते, आणि डोळे उघडले की शोधतात तुम्हाला. कोण नशीबवान?"

भिंगरी. सत्तावीस वर्षांत ही हाक मला कुणी मारलेली नाही. आईनेसुद्धा टाकून दिली होती ती.

मी बाबांचा चष्मा घेऊन पुन्हा पुसायला लागले. मालकांनी पडद्यातून डोकावून विचारलं, "नंबर चुकला का काही?"

१ एप्रिल, मंगळवार

लिफ्टवाल्याचा फोन नाही. मीच येऊ नकोस म्हटलं म्हणून काय माणसाने येऊच नये?

आईला विचारलं, जाऊ का बघायला? ती म्हणाली, "मला विचारू नकोस. मी जाणार नाही, आणि तू गेलीस तर मला काही सांगू नकोस." अर्ध्या तासाने परत आली. "रिकाम्या हाताने जाऊ नकोस पण. आजारी माणूस आहे."

६ एप्रिल, रविवार

मी गेले.

केवढेसे झालेत. माझ्या आठवणीत ते दाराच्या चौकटीएवढे होते. ती त्यांना चमच्याने पेज भरवत होती, रुमालाने ओठ टिपत होती. आजारी बापाला भरवण्याचासुद्धा हेवा वाटावा इतकी मी खालच्या थराला गेले आहे. लिहून ठेवते, कारण खरं आहे.

"भिंगरी," त्यांनी तिला विचारलं, "ह्या कोण?"

ती माझ्याकडे बघायला लागली. सांगू का, असं डोळ्यांनी विचारत होती. मी म्हटलं, "मी चष्म्याच्या दुकानातून आले. तुमच्या डोळ्यांचं अंतर मोजायचंय."

पिशवीत मोजपट्टी असतेच. मी त्यांच्या समोर वाकले. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजताना माणसाच्या अगदी जवळ जावं लागतं, श्वास जाणवतो. "माझ्याकडे बघा," मी म्हटलं. त्यांनी बघितलं. बघतच राहिले. चौसष्ट मिलिमीटर. मी एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं, मग उगाचच तिसऱ्यांदा.

"ही माझी मुलगी," तिच्याकडे बोट करून ते मला म्हणाले. बोलणं जड झालंय, पण कळतं. "फार गुणी आहे. हिला मी एकदा... एकदा सोडून गेलो होतो. आली परत."

ती म्हणाली, "बाबा, मी ती नाही. मी धाकटी." पण त्यांचे डोळे मिटले होते.

मी क्षमा केली नाही. तसं काही वाटलंच नाही. पट्टी पिशवीत ठेवली आणि बाहेर आले. जिन्यात ती माझ्या मागे धावत आली. मी तिला म्हटलं, "तू दोन तास झोप. मी बसते बाहेर." आणि पाच वाजेपर्यंत खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहिले. आत गेले नाही.

९ एप्रिल, बुधवार

त्याला शोधत गेले. नव्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत होता. कोपरापर्यंत ग्रीस. मी सगळं सांगितलं. पाठलाग, औषधाचं दुकान, वेळा लिहून ठेवणं, सगळं. मला वाटलं, हसेल.

तो हसला नाही. पाना खाली ठेवून म्हणाला, "मी लपवलं, त्याची माफी मागितली, पुन्हा मागतो. पण तू मला दोन वर्षांत एकदा तरी आलेला धरलंस का? तुझ्या मनात मी रोज निघून जातो, आणि मला रोज परत यावं लागतं. थकतो गं मी."

"मग?" मी म्हटलं.

"मग आठ दिवस बाहेरगावी काम आहे. उद्या निघतोय. फोन करणार नाही. तूही करू नकोस. गुरुवारी, सतरा तारखेला येतो."

"बाहेरगावी काम," मी म्हटलं.

तो एकदम थांबला. मी काय ऐकलं ते त्याला कळलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. पण शब्द बदलले नाहीत. "हो. बाहेरगावी काम. सतरा तारखेला येतो."

१३ एप्रिल, रविवार

फोन केला नाही. त्याच्या ऑफिसात चौकशीही केली नाही. दोनदा ऑफिसच्या दारापर्यंत गेले, ते धरायचं नाही.

बाबांच्या चष्म्यात नव्या काचा बसवल्या. या वेळी खोलीत जाऊन मीच त्यांना चष्मा लावला. ते खिडकीबाहेर बघून म्हणाले, "पानं दिसतात." मला म्हणाले, "बाई, हात चांगला आहे तुमचा." ती माझ्याकडे बघेना. मीही तिच्याकडे बघितलं नाही, नाहीतर दोघींचं काही खरं नव्हतं.

घरी आईने विचारलं, "खातो का काही?" मी म्हटलं, सांगू नको म्हणाली होतीस ना. "नकोच सांगू," म्हणाली. आणि दाराशी रेंगाळली. मी म्हटलं, "पेज खातात." तिने मान हलवली.

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळपासून तीन काचा फोडल्या. मालक म्हणाले, "बाई, आज तुम्ही नुसत्या बसा."

सव्वापाचला तो आला. दाढी वाढलेली, हातात बॅग, थेट स्टँडवरून. मी काउंटरमागून उठले नाही. म्हटलं, "आलास."

"आलो." मग लगेच म्हणाला, "आधीच सांगून टाकतो, नंतर नको. या आठ दिवसांत तिचे मला तीन फोन आले."

पुन्हा तोच ओळखीचा हेवा. आणि मला हसूच आलं. कारण या वेळी हेवा वाटत होता तो त्याचा. तिने त्याला फोन केला. तीन वेळा. मला एकदाही नाही.

"का केला? काय म्हणाली?"

"तू येतेस तेव्हा काय बोलायचं ते तिला सुचत नाही. तुला राग कशाने येतो, काय आवडतं, हाक काय मारू, असलं विचारत होती."

"मग मला विचारायचं!"

"भिते ती तुला." तो काउंटरला टेकला. "मी पण थोडा भितो."

मी त्याचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने फोन लावला. रिंग पुरती वाजलीसुद्धा नाही.

"ताई?" ती म्हणाली. मग घाबरून गप्प झाली.

मला असं कुणी म्हटलेलं नाही. काय उत्तर देतात तेही मला माहीत नव्हतं. फोनमध्ये मागून दवाखान्यातली ट्रॉली खडखडत गेली, ती जाईपर्यंत मी थांबले.

"हं," मी म्हटलं. "बोल."